रिपोर्टवर 'जंतू आढळले नाहीत', मग पोटाच्या कॅन्सरशी त्यांचा संबंध संपला का?

कृत्तिका

गेले चार महिने माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी आहेत. एक नऊ वर्षांपूर्वीचा, आईचा. दुसरा यंदाचा, दादाचा. दोन्ही बायोप्सीचे रिपोर्ट, दोन्ही जठराच्या कॅन्सरचे. आणि दोन्हींच्या शेवटी जवळजवळ सारखीच ओळ आहे: एच. पायलोरी आढळले नाहीत.

आईचा कॅन्सर जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये होता. रिपोर्टवर 'इंटेस्टिनल टाइप' लिहिलंय. ती तेव्हा ६८ वर्षांची होती आणि वर्षभरात गेली. दादा ४१ चा आहे. त्याच्या कागदावर 'डिफ्यूज टाइप, सिग्नेट रिंग सेल्स' असं आहे. त्याची केमो सुरू झाली आहे, नंतर ऑपरेशन.

निदान झालं त्या आठवड्यात मी एका डॉक्टरांना विचारलं, की आईला हाच आजार होता, तर आम्हा बाकीच्यांनी त्या जंतूची तपासणी करून घ्यावी का? उत्तर मिळालं, "दोघांच्याही रिपोर्टमध्ये जंतू नाहीत, तेव्हा तो विषयच नाही. शिवाय दोघांचे प्रकार वेगळे आहेत, उगाच संबंध जोडू नका." एवढ्यावर आम्हाला बाहेर पाठवलं. रांग मोठी होती, त्यांची घाई मी समजू शकते. पण ते उत्तर माझ्या गळी उतरलं नाही, म्हणून वाचायला लागले. मी डॉक्टर नाही, कुठे चुकत असेन तर सरळ सांगा.

मला जे कळलं ते असं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या श्लेष्मात राहणारा वळलेल्या आकाराचा जिवाणू. जठरात इतकं तीव्र आम्ल असतं, की तिथे कुठला जिवाणू टिकणारच नाही अशी पक्की समजूत होती. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या रॉबिन वॉरेन या पॅथॉलॉजिस्टला बायोप्सीत तो दिसला. पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत आला. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायचे तर दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा टाकून द्यायचे. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि वसाहती उगवलेल्या दिसल्या. जंतू सावकाश वाढणारा होता, इतकंच! १९८४ मध्ये मार्शलने तो स्वतःच पिऊन पाहिला आणि त्याच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतो हे सिद्ध झालेला घटक म्हणून नोंदवलं. तंबाखूही त्याच गटात आहे.

इतका पुरावा असताना एका ओळीने विषय संपतो कसा? माझे प्रश्न तीन.

कॅन्सरच्या वेळी जंतू दिसले नाहीत म्हणजे ते कधीच नव्हते का?
इंटेस्टिनल आणि डिफ्यूज, दोन्ही प्रकारांशी या जंतूचा संबंध आहे का?
मी, ताई आणि बाबांनी आता काय करावं?

---

शुक्रतारा

कृत्तिका, दादांना बळ मिळो. माझे काका याच आजाराने गेले. तुम्ही विचारलेला तिसरा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलाच नाही. जाणकारांनी नक्की लिहा.

---

काजवा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. जठराच्या बायोप्सी रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर लिहिते. तुमच्या दोन कागदांवरची ओळ एकच असली तरी तिची कारणं दोन निराळी असू शकतात. आधी आईंचं.

इंटेस्टिनल प्रकाराचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही, पायऱ्या चढत येतो. पेलायो कोरेया यांनी कोलंबियातल्या अभ्यासातून ही वाट दाखवून दिली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पहिली पायरी साधी दीर्घकाळची सूज. मग अस्तरातल्या ग्रंथी झिजतात, त्याला आम्ही ॲट्रॉफी म्हणतो. मग मेटाप्लेझिया, म्हणजे अस्तराचं रूपच बदलणं, मग डिसप्लेझिया, म्हणजे पेशी कॅन्सरच्या दिशेने बिघडू लागणं, मग कॅन्सर. या प्रवासाला अनेक दशकं लागतात आणि बहुसंख्य लोक मधल्याच कुठल्यातरी पायरीवर आयुष्यभर थांबतात.

मेटाप्लेझियाची स्लाइड मी शिकत असताना पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली आहे. बाटलीवर जठर लिहिलेलं आणि काचेखाली चक्क आतड्याचं अस्तर. पेल्याच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी, प्रत्येकीत श्लेष्माचा फुगवटा. जठरात त्यांचं काहीच काम नाही. वर्षानुवर्षांच्या सुजेला तोंड देता देता जठराने स्वतःची कातडीच बदललेली असते.

आता मुद्दा असा, की एच. पायलोरीला जठराचं अस्तर लागतं. गिम्सा रंग दिला की ते निळसर, स्वल्पविरामासारखे, पेशींवरच्या श्लेष्मात आणि ग्रंथींच्या तोंडाशी दाटीने दिसतात. आतड्यासारख्या झालेल्या पट्ट्यात ते सहसा नसतात. ग्रंथी झिजल्यावर आम्ल कमी होतं, दुसरे जिवाणू शिरतात आणि यांना तिथे राहणं जड जातं. म्हणजे ज्याने घर पोखरलं, तो घर पडायच्या आधीच निघून गेलेला असतो. पडलेल्या घरात त्याला शोधून "इथे कुणी नव्हतंच" म्हणणं बरोबर नाही.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. २००१ मध्ये बारा अभ्यासांमधली माहिती एकत्र करून तपासली गेली. कॅन्सर झालेले १२२८ रुग्ण होते आणि त्यांचं आजाराच्या आधी साठवलेलं रक्त हाताशी होतं. जठराच्या वरच्या तोंडाचा, म्हणजे कार्डियाचा भाग सोडला, तर ज्यांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा होत्या त्यांचा धोका सुमारे ३ पट निघाला. पण निदानाच्या दहा किंवा त्याहून जास्त वर्षं आधी घेतलेलं रक्त वेगळं काढलं तेव्हा तोच आकडा ५.९ पट झाला. जितकं मागे जाल तितका जंतू स्पष्ट दिसतो. कार्डियाच्या कॅन्सरशी मात्र संबंध आढळला नाही.

दुसरा प्रश्न. इंटेस्टिनल आणि डिफ्यूज ही विभागणी फिनलंडच्या लॉरेन यांनी १९६५ मध्ये केली. इंटेस्टिनलमध्ये कॅन्सरच्या पेशी अजूनही एकमेकींना धरून ग्रंथी बनवायचा प्रयत्न करतात. डिफ्यूजमध्ये पेशी एकेकट्या सुटतात आणि जठराच्या भिंतीत पसरत जातात. पेशीत श्लेष्मा साठून केंद्रक एका कडेला ढकललं जातं आणि ती खडा बसवलेल्या अंगठीसारखी दिसते, म्हणून सिग्नेट रिंग. पेशींना एकत्र बांधणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन यात हरवलेलं किंवा निकामी झालेलं असतं. या प्रकारात गाठ उठून दिसेलच असं नाही. कधी वरचं अस्तर बऱ्यापैकी ठीक दिसतं आणि खाली भिंत मात्र चामड्यासारखी कडक होत गेलेली असते.

डिफ्यूजला तो पायऱ्यांचा जिना लागत नाही. त्यामुळे पूर्वी बऱ्याच जणांना वाटायचं, की जंतूचा संबंध फक्त इंटेस्टिनलशी आहे. हे चूक आहे. जपानमधला २००१ चा अभ्यास बघा: १५२६ रुग्ण, सरासरी ७.८ वर्षं पाठपुरावा. संसर्ग असलेल्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना कॅन्सर झाला, संसर्ग नसलेल्या २८० पैकी एकालाही नाही. त्या ३६ मध्ये २३ इंटेस्टिनल आणि १३ डिफ्यूज. त्यामुळे "प्रकार वेगळे, संबंध जोडू नका" हे तुम्हाला मिळालेलं उत्तर टिकत नाही. वाटा दोन आहेत, पण दोन्हींची सुरुवात त्याच सुजेतून होऊ शकते.

आता दादांबद्दल मला एक विचारायचंय. निदान होण्याआधी ते आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत होते का? आणि किती दिवस?

---

कृत्तिका

काजवाताई, वाचून हात थरथरले. हो, घेत होता. ॲसिडिटी म्हणून रोज सकाळी एक गोळी, जवळजवळ आठ महिने. गोळीने बरं वाटायचं म्हणून एंडोस्कोपी लांबत गेली.

---

काजवा

मग ती 'आढळले नाहीत' ही ओळ मी फार जपून वाचेन. त्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, पण त्यांची संख्या घटते आणि ते अँट्रममधून वरच्या भागात सरकतात. बायोप्सीचा तुकडा खालच्या भागातलाच असेल तर ते सुटून जातात. म्हणूनच श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायच्या आधी या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात. हे न सांगता तपासणी केली, की खोटा निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडतो. मला हे वारंवार दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

दादांच्या गोळ्या आता थांबवता येतीलच असं नाही. पण रक्तातल्या प्रतिपिंडांवर त्या गोळ्यांचा परिणाम होत नाही. संसर्ग आत्ता आहे की पूर्वी होता हे त्या तपासणीतून कळत नाही. उपचार लागू पडले का हे पाहायलाही ती निरुपयोगी. पण 'कधी होता का' या तुमच्या प्रश्नापुरती ती कामाची आहे. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून बघा.

---

नीरव

मला वेगळी शंका आहे, धाग्यात अडथळा वाटला तर क्षमस्व. हा जंतू जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात असतो असं वाचलंय. मग निम्म्या जगाला कॅन्सर का होत नाही? मला स्वतःला बारा वर्षांपूर्वी ड्युओडेनमचा, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा अल्सर झाला होता, तेव्हा हाच जंतू निघाला होता. कोर्स केला, बरा झालो. हा धागा वाचून आज झोप लागेल असं वाटत नाही.

---

अबोली

नीरव, झोपा निवांत. तुमच्या शंकेचं उत्तर तुमच्याच अल्सरमध्ये आहे. मी जिवाणूंवरच काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

संसर्ग झालेल्या शंभरातल्या साधारण एक ते तिघांनाच आयुष्यात कधीतरी जठराचा कॅन्सर होतो. सूज जवळजवळ प्रत्येकाला असते, पण बहुतेकांना ती कधी जाणवतही नाही. कुणाचं पुढे काय होणार हे बरंचसं सूज जठराच्या कुठल्या भागात मुक्काम ठोकते यावर ठरतं.

सूज खालच्या अँट्रममध्येच राहिली, की तिथून आम्ल वाढवण्याचा संदेश जात राहतो. वरचा भाग शाबूत असल्याने तो भरपूर आम्ल तयार करतो, ते पुढे ड्युओडेनममध्ये उतरतं आणि तिथे अल्सर होतो. तुमचं असं झालं असणार. याउलट सूज वरच्या मुख्य भागात पसरली तर आम्ल बनवणाऱ्या ग्रंथीच झिजतात, आम्ल घटतं आणि काजवाने सांगितलेला जिना सुरू होतो. एकच जंतू, पण परिणाम अगदी उलट. वर उल्लेख आलेल्या जपानी अभ्यासात ड्युओडेनल अल्सरचे २७५ रुग्ण होते. त्यांतल्या एकालाही जठराचा कॅन्सर झाला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे एच. पायलोरी सारखे नसतात. काहींकडे कॅगए नावाचं प्रथिन असतं आणि ते पेशीत टोचायला सुईसारखी यंत्रणा असते. मी हे पहिल्यांदा पेशींच्या बशीत पाहिलं तेव्हा थक्क झाले होते. गोलसर, एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी काही तासांत लांबट होऊन हातपाय पसरल्यासारख्या ताणल्या जातात. कॅगए आत गेलं की पेशीची स्वतःचीच संदेशवहनाची साखळी त्याला हाताशी धरते आणि 'वाढ, हल, शेजारणीला सोड' असे चुकीचे निरोप जाऊ लागतात. पूर्व आशियात आढळणारं कॅगए या कामात पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा जास्त जोमदार असतं आणि पूर्व आशियात या कॅन्सरचं प्रमाणही जास्त आहे.

शिवाय माणसाची स्वतःची सुजेला प्रतिसाद देण्याची धाटणी असते, धूम्रपान असतं, आहारात मिठाचा अतिरेक असतो. जंतू एकटा पुरत नाही. पण कार्डिया सोडून जठराच्या इतर भागांतल्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के त्याच्या वाट्याला जातात असा अंदाज आहे. २०२२ मध्ये जगभरात जठराच्या कॅन्सरचे साधारण ९ लाख ६९ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि ६ लाख ६० हजार माणसं गेली. एका जंतूमुळे होणारं इतकं मोठं, आणि बरंचसं टाळता येण्याजोगं नुकसान डोळ्यांसमोर असताना "निम्म्या जगाला असतोच की" असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

---

पारिजात

इथे कुणी मॉल्ट लिम्फोमाचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितेय. माझ्या नवऱ्याला तो होता. तोही जठराचाच कॅन्सर, पण जठराच्या अस्तरातून नव्हे, तर सुजेमुळे तिथे गोळा झालेल्या लिम्फोसाइट पेशींमधून झालेला. निरोगी जठरात अशा पेशींची वस्तीच नसते. जंतू येतो, त्याच्याशी लढायला त्या येतात आणि लढता लढता त्यांच्यातलाच एक गट बेलगाम वाढू लागतो.

डॉक्टरांनी सांगितलं, "केमो नाही, रेडिएशन नाही, आधी चौदा दिवस अँटिबायोटिक." मला वाटलं आमच्यापासून काहीतरी लपवत आहेत. कॅन्सरवर अँटिबायोटिक? मी भांडले त्यांच्याशी. त्यांनी शांतपणे समजावलं, की १९९३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी असे सहा रुग्ण तपासले होते. जंतूचा नायनाट केल्यावर सहापैकी पाच जणांचा लिम्फोमा मागे हटला. जंतूची चिथावणी थांबली की त्या पेशींचं इंधनच संपतं.

आमच्याकडे लगेच काही झालं नाही. तीन महिन्यांनी एंडोस्कोपी, थोडा फरक. सहा महिन्यांनी आणखी थोडा. पूर्ण साफ व्हायला चौदा महिने लागले. ते चौदा महिने 'काहीच न करता थांबणं' सगळ्यात कठीण गेलं. आज सहा वर्षं झाली, वर्षातून एकदा तपासणी असते. सगळ्यांनाच हे लागू पडत नाही हेही आम्हाला आधीच सांगितलं होतं. ११ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतील तर लिम्फोमा सहसा अँटिबायोटिकला दाद देत नाही, म्हणून ती तपासणी सुरुवातीलाच केली होती.

---

अबोली

पारिजात, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. जंतू हे कारण आहे की नुसता शेजारी, या वादात मॉल्ट लिम्फोमाइतकी स्पष्ट साक्ष दुसरी नाही. कारण काढून घेतलं आणि आजार मागे फिरला.

---

दूरदेशी

चर्चा वाचली, माहिती उत्तम आहे. पण दोन आक्षेप. मेटाप्लेझिया झाल्यावर जंतू मारून उपयोग नसतो असं मी ऐकलंय, मग आईवडिलांच्या पिढीला अँटिबायोटिकचा मारा कशाला? आणि हे जंतू हजारो वर्षं माणसासोबत आहेत. ५३०० वर्षांपूर्वी आल्प्समध्ये गोठलेल्या त्या माणसाच्या पोटातही ते सापडले. ते नाहीसे केल्याने अन्ननलिकेचे आजार वाढतात असंही म्हणतात. सगळ्यांना सरसकट तपासून औषधं द्यायची घाई मला बरोबर वाटत नाही.

---

अबोली

दूरदेशी, आक्षेप रास्त आहेत. तुम्ही ऐकलंत त्याला आधार आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही.

२००४ मध्ये चीनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. १६३० संसर्गित लोक, साडेसात वर्षं. एकूण हिशेबात औषध घेतलेल्यांत ७ आणि न घेतलेल्यांत ११ कॅन्सर, म्हणजे ठाम म्हणावा असा फरक नाही. पण ज्यांच्या जठरात सुरुवातीला ॲट्रॉफी किंवा मेटाप्लेझिया नव्हता, तेवढेच वेगळे काढले तर औषध घेतलेल्यांत शून्य आणि न घेतलेल्यांत सहा. त्यावरून 'परत फिरता न येणारी पायरी' ही कल्पना रुजली.

पुढे जास्त काळ थांबल्यावर चित्र बदललं. चीनमधल्याच शान्दोंग प्रांतातल्या लिनछू इथे लोकांना फक्त दोन आठवडे उपचार दिले होते. २२ वर्षांनी पाहिलं तर जठराच्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्यावर आलेलं होतं. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये आलेला अभ्यास तर ज्यांना सुरुवातीचा कॅन्सर होऊन एंडोस्कोपीतून काढलेला होता त्यांच्यावरचा आहे, म्हणजे जिन्याच्या अगदी वरच्या टोकाची माणसं. जंतू घालवलेल्यांत ७.२ टक्क्यांना पुन्हा नवा कॅन्सर झाला, न घालवलेल्यांत १३.४ टक्क्यांना. तेव्हा उशीर झाला म्हणून फायदा शून्य होत नाही, कमी होतो. आणि ज्यांच्यात मेटाप्लेझिया पसरलेला आहे त्यांनी जंतू गेल्यावरही दर तीन वर्षांनी एंडोस्कोपी चालू ठेवायची असते. इथेच लोक चुकतात. जंतू गेला म्हणजे सुटलो असं समजून पुन्हा फिरकत नाहीत.

हेही सांगते, मेटाप्लेझिया हा शब्द रिपोर्टवर दिसला म्हणून कुणी हाय खाऊ नये. नेदरलँड्समधल्या मोठ्या नोंदींप्रमाणे अशांना कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला ०.२५ टक्के, म्हणजे चारशेत एक. तीव्र डिसप्लेझिया असेल तर मात्र ते वर्षाला ६ टक्के. दोन्ही शब्द कानाला सारखेच वाटतात, पण त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

अन्ननलिकेचं म्हणाल तर संसर्ग असलेल्यांत अन्ननलिकेचा एका प्रकारचा कॅन्सर कमी दिसतो हे खरं. पण तेवढ्यासाठी सिद्ध झालेला कर्ककारक पोटात सांभाळावा, हा हिशेब मला जुळत नाही. सरसकट औषधांच्या बाबतीत तुमच्याशी निम्मी सहमत आहे. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे एच. पायलोरी वाढत आहेत. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना चिंताजनक जंतूंच्या यादीत घातलं. म्हणून कोर्स अर्धवट सोडणं किंवा स्वतःच्या मनाने घेणं फार वाईट.

पण कृत्तिकाचं घर 'सरसकट' मध्ये येत नाही. जवळच्या नात्यात जठराचा कॅन्सर असलेल्यांवर कोरियात वेगळी चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. आईवडील किंवा भावंडांना हा आजार झालेले १६७६ लोक, नऊ वर्षांहून जास्त पाठपुरावा. उपचार घेतलेल्या गटात १.२ टक्के कॅन्सर, इतरांत २.७ टक्के. कृत्तिका, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तुम्ही तिघांनीही तपासून घ्या.

---

काजवा

अबोलीला पूर्ण अनुमोदन. आणि एक गोष्ट राहून गेली, ती जास्त महत्त्वाची आहे. घरात जठराचे दोन कॅन्सर, त्यातला एक डिफ्यूज आणि तोही ४१ व्या वर्षी. अशा घरात सीडीएच-१ या जनुकाची तपासणी सुचवली जाते. मी वर ई-कॅडहेरिनचं नाव घेतलं, ते प्रथिन याच जनुकाच्या हुकमावर बनतं. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्पिढ्या होणाऱ्या डिफ्यूज कॅन्सरचं मूळ या जनुकातल्या बिघाडात सापडलं. आनुवंशिक प्रकार एकूण जठराच्या कॅन्सरमध्ये थोडेच, एक ते तीन टक्के. पण असेल तर साधी एंडोस्कोपी पुरत नाही आणि जंतूचा उपचारही पुरत नाही, पूर्ण वेगळा निर्णय घ्यावा लागतो. तपासणी आधी दादांची करायची, ताईंची किंवा तुमची नाही. त्यांच्यात काही निघालं तरच पुढे.

---

सांजवात

मी हा कोर्स केलाय, म्हणून अनुभवाचं सांगते. मला चार औषधांचा दिला होता: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल, चौदा दिवस. गोळ्यांची संख्या पाहूनच धडकी भरते. मी वहीत तक्ता आखला आणि गोळी घेतली की टिक करायची. तोंडाला सतत धातूची चव येते, तिसऱ्या दिवसापासून जेवण नकोसं होतं. पाचव्या दिवशी शौचाला काळं झालं आणि मी घाबरून अर्ध्या रात्री डॉक्टरांना फोन केला. बिस्मथमुळे तसं होतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती. पण बिस्मथ चालू नसताना डांबरासारखं काळं शौच झालं तर ते रक्त असू शकतं, तेव्हा थांबू नका. वजन उतरणं, दोन घासांत पोट भरणं, गिळताना अडकणं, रक्त कमी होत जाणं यांतलं काही असेल तर श्वासाच्या तपासणीवर न थांबता थेट एंडोस्कोपी करा.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून पुन्हा तपासायचं असतं. मला बरं वाटत होतं म्हणून मी ते टाळणार होते. बहिणीने ओढून नेलं. पॉझिटिव्ह आला! दुसरा कोर्स करावा लागला, त्यानंतर गेला.

---

कृत्तिका

सात आठवड्यांनी लिहितेय. मधल्या काळात दादाचं ऑपरेशन झालं, पूर्ण जठर काढलं. थोडं थोडं, दिवसातून आठ वेळा खायला शिकतोय. परवा जिन्यावरून स्वतः उतरला.

काजवाताई, सीडीएच-१ चा रिपोर्ट आला, त्यात बिघाड निघाला नाही. तो लिफाफा ताईने उघडला, माझ्याच्याने झालं नाही.

दादाच्या रक्ताची तपासणीही नव्या डॉक्टरांनी लगेच मान्य केली. प्रतिपिंडं पॉझिटिव्ह आहेत. त्याने आयुष्यात या जंतूचा कोर्स कधी घेतला नव्हता. आईचं रक्त तपासायला आता मार्ग नाही, पण तिच्या बायोप्सीचे जुने ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, प्रयोगशाळेत जपलेले होते. ते पुन्हा पाहून घेतले. जंतू नाहीतच, पण गाठीच्या भोवती सगळीकडे मेटाप्लेझिया पसरलेला आहे, तुम्ही वर्णन केलं होतं अगदी तसा. नऊ वर्षांपूर्वीच्या रिपोर्टातही तो शब्द होता. आम्ही कुणी वाचलाच नव्हता.

आम्ही तिघांनी श्वासाची तपासणी केली. एका पिशवीत फुंकायचं, मग एक पेय प्यायचं, अर्धा तास बसायचं आणि दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असला तर तो त्या पेयातला युरिया फोडतो आणि त्याची खूण श्वासातून बाहेर येते. बाबा ७४ वर्षांचे, पिशवी फुगवताना त्यांना दम लागला, पण मदत घेतली नाही. बाबा पॉझिटिव्ह, ताई पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. हा जंतू बहुधा लहानपणी घरातल्या घरातच एकाकडून दुसऱ्याकडे जातो असं डॉक्टर म्हणाले. एकाच घरात वाढूनही मी कशी सुटले हे मला कळत नाही.

बाबांची आणि ताईची एंडोस्कोपी झाली. ताईला फक्त सूज आहे. बाबांना वरच्या भागात मेटाप्लेझिया आहे, डिसप्लेझिया नाही. अबोली, तुमचा चारशेत एक हा आकडा मी त्यांना कागदावर लिहून दिला, त्यांनी तो चष्म्याच्या डबीत ठेवलाय. पुढची एंडोस्कोपी तीन वर्षांनी.

दोघांचा कोर्स कालच्या सोमवारी सुरू झाला. सांजवातताई, तुमच्यासारखा तक्ता केलाय, फ्रिजवर लावलाय, दोन रकाने. काळ्या शौचाचं आधीच सांगून ठेवलंय. बाबा रोज सकाळी टिक करून ताईला फोन करतात आणि विचारतात, "तुझी झाली का घेऊन?"